भूमापनाची जुनी उपकरणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी मोजणीची उपकरणं म्हणजे नेमकी कोणती?

जमिनीची मोजणी करणाऱ्याला चार गोष्टी हव्या असतात: लांबी, दिशा, कोन आणि उंचीतला फरक. लांबीसाठी साखळी, दिशेसाठी होकायंत्र, कोनासाठी थिओडोलाइट आणि उंचीसाठी लेव्हल. यांशिवाय जागेवरच नकाशा काढायचं प्लेन टेबल, काटकोन काढायचा क्रॉस स्टाफ आणि ऑप्टिकल स्क्वेअर, नकाशावरून क्षेत्रफळ काढायचा प्लॅनिमीटर अशी बरीच मंडळी आहेत. इलेक्ट्रॉनिक उपकरणं येण्याआधीची, पितळ, पोलाद, काच आणि लाकूड यांची ही सगळी दुनिया या पानावर आहे.

वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. ही उपकरणं बनवणाऱ्यांना ठाऊक होतं की कुठलंही यंत्र पूर्ण निर्दोष नसतं. म्हणून त्यांनी उपकरणाची रचना आणि वापरायची रीत अशी बसवली की चूक आपोआप उघडी पडावी किंवा एका चुकीनं दुसरीला खोडावं. या उपकरणांवर माझा जीव जडला तो याच कारणाने.

दुर्बीण नव्हती तेव्हा सरळ रेषा कशी आखत?

ओळंब्याने. रोमन मोजणीदारांचं ग्रोमा म्हणजे एका खांबावर आडवी बसवलेली चार हातांची फुली. प्रत्येक हाताच्या टोकाला एक ओळंबा. समोरासमोरच्या दोन दोऱ्या एकमेकींवर आल्या की नजर सरळ रेषेत आहे असं समजायचं. उरलेल्या दोन दोऱ्यांवरून पाहिलं की काटकोन मिळतो. पॉम्पेईच्या उत्खननात अशा ग्रोमाचे धातूचे भाग सापडले आहेत.

ग्रोमाचा शत्रू वारा. दोऱ्या लवकर स्थिर होत नाहीत, ही तक्रार अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने तेव्हाच लिहून ठेवली आणि डायोप्ट्रा या आपल्या फिरत्या नजरेच्या पट्टीच्या उपकरणाची बाजू मांडली. उंचीसाठी रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसने कोरोबेट्सचं वर्णन केलं आहे. हा सुमारे २० फूट लांबीचा लाकडी बाक. दोन्ही टोकांना ओळंबे, आणि वाऱ्याने ओळंबे हलू लागले तर वरच्या अंगाला कोरलेल्या ५ फुटी पन्हळीत पाणी भरून सपाटी पाहायची. एक साधन फसलं तर दुसरं तयार, हा विचार इतका जुना आहे.

गंटरची साखळी ६६ फुटांचीच का?

एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने १६२० मध्ये ही साखळी मांडली. ६६ फूट हा आकडा विचित्र वाटतो, पण त्यामागचा हिशेब फार देखणा आहे. साखळीत १०० कड्या, म्हणजे एक कडी ७.९२ इंचांची. ८० साखळ्यांचा एक मैल. आणि १० चौरस साखळ्यांचा बरोबर एक एकर.

समजा, एक आयताकृती शेत १२ साखळ्या ५० कड्या लांब आणि ८ साखळ्या ४० कड्या रुंद आहे. हे सरळ १२.५० आणि ८.४० असं लिहायचं. गुणाकार १०५ चौरस साखळ्या. दशांशचिन्ह एक घर डावीकडे सरकवलं की १०.५ एकर. फूट, यार्ड, पोल आणि एकर यांच्या आडनिड्या कोष्टकात अडकलेल्या काळात गंटरने मोजणीदाराच्या हाती दशमान पद्धत दिली, तीही जुनं एकक न मोडता. क्रिकेटच्या खेळपट्टीची २२ यार्डांची लांबी म्हणजे हीच एक साखळी.

पुढे १ फुटाच्या १०० कड्यांची इंजिनियरची साखळी आली, मग २० आणि ३० मीटरच्या साखळ्या आल्या. तुमच्या हातातली साखळी कुठली हे ओळखायला एका कडीची लांबी मोजा. मोजताना कडीच्या दोन्ही बाजूंच्या छोट्या गोल कड्यांचा मध्य धरायचा.

साखळीवर लटकणाऱ्या दातेरी पितळी चकत्या कशासाठी?

कड्या मोजत बसावं लागू नये म्हणून. टोकापासून १० कड्यांवर एका दाताची चकती, २० वर दोन, ३० वर तीन, ४० वर चार आणि मधोमध ५० वर गोल. दोन्ही टोकांकडून खुणा सारख्याच, त्यामुळे साखळी कुठूनही धरता येते. धोकाही तिथेच आहे: चार दातांची चकती ४० ची आणि ६० चीही. साखळीने केलेल्या मोजणीत मोठी चूक निघाली तर ती बहुतेक वेळा इथली असते. म्हणून वाचण्याआधी गोल चकती कुठल्या बाजूला राहिली ते पाहायचं.

मोजणी प्रत्यक्षात कशी चालायची?

साखळीला दोन माणसं. पुढच्याकडे लोखंडी सळईचे १० बाण. मागचा साखळीचं टोक खुणेवर धरतो आणि पुढच्याला दूरच्या झेंडीच्या रेषेत आणतो. पुढचा साखळी ताणून बाण रोवतो. दोघं पुढे सरकतात आणि मागचा तो बाण उचलून घेतो. मागच्याच्या हातात जितके बाण, तितक्या साखळ्या झाल्या. दहाही बाण त्याच्याकडे आले की वहीत एक नोंद करून बाण परत द्यायचे. दोघांकडचे आणि जमिनीत रोवलेला मिळून बाण दहा भरले नाहीत, तर एक मागे राहिला आहे हे लगेच कळतं.

चढावर साखळी जमिनीला टेकवून चालत नाही, कारण नकाशाला आडवं अंतर लागतं. तिथे साखळीचा लहान तुकडा आडवा ताणून त्याच्या टोकाखाली ओळंबा सोडायचा आणि पायऱ्यापायऱ्यांनी उतरायचं.

वापरून साखळी वाढते म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. दोन लांब कड्यांच्या मध्ये सहसा तीन छोट्या गोल कड्या असतात. प्रत्येक जोडावर धातू धातूवर घासतो आणि असे जोड शेकड्यांनी आहेत. प्रत्येक ठिकाणी केसाएवढी झीज झाली तरी एकूण लांबी इंचांनी वाढते. उलट, एखादी कडी वाकली किंवा जोडात चिखल बसला तर साखळी आखडते.

लांबलेली साखळी अंतर कमी दाखवते, हे पटायला थोडा वेळ लागतो. ६६ फुटांची साखळी ६६ फूट ४ इंच झाली आहे असं धरा. तिने मोजलेलं १० साखळ्यांचं अंतर खरं १०.०५ साखळ्यांचं असतं. क्षेत्रफळात चूक दुप्पट होते: १० एकर म्हणून मोजलेली जमीन १०.१ एकर भरते. म्हणूनच जाणता मोजणीदार पक्क्या जागी दोन खुणा करून ठेवायचा आणि साखळी वरचेवर त्यांच्याशी ताडून पाहायचा. साखळी चुकीची असली तरी किती चुकीची आहे ते माहीत असेल तर काम अडत नाही.

माझ्या जुन्या होकायंत्रावर पूर्व आणि पश्चिम उलट कोरल्या आहेत. कारागिराची चूक आहे का?

मुळीच नाही. ते मोजणीदाराचं अस्सल होकायंत्र आहे याची ती खूण आहे.

साध्या होकायंत्रात तबकडी स्थिर धरून सुई पाहतो. मोजणीच्या होकायंत्रात तबकडी आणि तिच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या फटीच्या पट्ट्या एकत्र जोडलेल्या असतात. फटींतून लक्ष्याकडे पाहायचं तर सगळी तबकडी फिरवावी लागते. सुई मात्र उत्तरेकडे तोंड करून जागच्या जागी राहते.

आता उत्तरेकडे पाहताना सुईचं उत्तर टोक तुमच्यापासून दूर, शून्यावर आहे. तुम्ही उजवीकडे, पूर्वेला वळलात. तबकडी तुमच्याबरोबर फिरली, सुई नाही. त्यामुळे सुईचं टोक आता तुमच्या डाव्या हाताला आलं. साध्या तबकडीवर त्या जागी पश्चिम लिहिलेलं असतं, पण तुम्ही पाहताय पूर्वेकडे. म्हणून कारागीर त्या जागी पूर्व कोरतो. सुईचं टोक जिथे, तीच दिशा. मनात काही उलटवावं लागत नाही.

मग प्रिझमॅटिक होकायंत्रात शून्य दक्षिणेला का?

तिथे अंशांचं कडं सुईलाच चिकटलेलं असतं आणि सुईबरोबर स्थिर राहतं. वाचन डोळ्याजवळच्या प्रिझममधून घ्यायचं. तुम्ही उत्तरेकडे पाहत असाल तेव्हा तुमच्या डोळ्याखाली कड्याची दक्षिण बाजू येते. वाचन शून्य हवं, म्हणून शून्य दक्षिणेला आणि १८० उत्तरेला. आकडेही उलटे कोरलेले असतात, कारण प्रिझम ते सरळ करून दाखवतो. १८१२ मध्ये चार्ल्स श्मालकाल्डर यांनी याचं पेटंट घेतलं. लक्ष्य आणि आकडा एकाच नजरेत दिसतात, त्यामुळे ते हातात धरूनही वापरता येतं.

सुईच्या एका टोकाला तार का गुंडाळली आहे?

पृथ्वीच्या चुंबकीय रेषा बहुतेक ठिकाणी जमिनीत तिरप्या शिरतात. उत्तर गोलार्धात सुईचं उत्तर टोक खाली झुकतं. ते सावरायला दक्षिण टोकाला बारीक तारेचं वजन देतात. ती तार कचरा समजून काढू नका. उत्तरेकडच्या देशासाठी बनवलेलं होकायंत्र दक्षिण गोलार्धात नेलं तर हे वजन सरकवावं लागतं.

जुन्या कागदपत्रातले होकायंत्राचे अंश आज तसेच वापरता येतील?

नाही. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांच्यातला कोन जागेप्रमाणे बदलतो आणि काळाप्रमाणेही. लंडनमध्ये १५८० च्या सुमारास सुई खऱ्या उत्तरेच्या पूर्वेला सुमारे ११ अंश होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती पश्चिमेला सुमारे २४ अंशांवर गेली होती. हा कोन काळाबरोबर सरकतो हे हेन्री गेलिब्रँड यांनी १६३५ मध्ये जाहीर केलं. त्यामुळे जुनी हद्द पुन्हा शोधताना नोंद कुठल्या वर्षाची आहे आणि त्या वर्षी त्या जागी फरक किती होता, हे आधी काढावं लागतं.

दुसरी अडचण लोखंडाची. जवळ रूळ, तारेचं कुंपण, लोहखनिज, अगदी मोजणीदाराच्या खिशातली किल्ली असली तरी सुई भरकटते. यावर इलाज सोपा आहे. प्रत्येक रेषेची दिशा दोन्ही टोकांवरून घ्यायची. दोन वाचनांत १८० अंशांचा फरक आला तर दोन्ही जागा निर्धोक समजायच्या. फरक तसा नसेल तर दोनपैकी एका जागी काहीतरी सुईला ओढतंय.

अमेरिकेत विल्यम ऑस्टिन बर्ट या मोजणीदाराने या त्रासाला कंटाळून सूर्यावरून खरी उत्तर काढणारं सौर होकायंत्र बनवलं आणि १८३६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. १८४४ मध्ये मिशिगनमध्ये त्याच्या तुकडीची चुंबकीय सुई वेडीवाकडी फिरू लागली. सौर होकायंत्र जवळ असल्यामुळे काम थांबलं नाही. बर्टने माणसांना आसपास शोधायला पाठवलं आणि तिथे लोहखनिज सापडलं.

थिओडोलाइट कोणी शोधला?

एका माणसाचं नाव घेणं अवघड आहे. हे नाव छापलेलं दिसतं ते लिओनार्ड डिग्ज यांच्या ग्रंथात, जो त्यांच्या मुलाने, थॉमसने, १५७१ मध्ये प्रसिद्ध केला. तेव्हाचं उपकरण म्हणजे अंश कोरलेलं आडवं वर्तुळ आणि त्यावर फिरणारी नजरेची पट्टी. दुर्बिणीचा थिओडोलाइट अठराव्या शतकात लंडनच्या जोनाथन सिसन यांच्या हातून आकाराला आला.

खरा अडसर दुर्बिणीचा नव्हता, वर्तुळाचे समान भाग पाडण्याचा होता. हाताने कंपास लावून भाग पाडताना होणारी चूक लपवायची तर वर्तुळ मोठं घ्यावं लागे. जेसी रॅम्सडेन यांनी १७७० च्या दशकात वर्तुळ विभागणारं यंत्र तयार केलं. दातेरी चाक आणि स्क्रू यांच्या जोरावर ते एकसारख्या रेघा ओढत जाई. त्यानंतर हातात मावणाऱ्या उपकरणावरही भरवशाच्या रेघा मिळू लागल्या.

मोठी वर्तुळं तरीही बनत राहिली, कारण देशाच्या मोजणीसाठी आखलेल्या, देशभर पसरलेल्या त्रिकोणांना शक्य तितकी अचूकता हवी होती. रॅम्सडेन यांचा ३ फुटी वर्तुळाचा, सुमारे २०० पौंडांचा थिओडोलाइट १७८७ मध्ये ग्रीनिच आणि पॅरिस या वेधशाळा जोडण्याच्या कामावर गेला. विल्यम लॅम्टन यांनी भारतातल्या त्रिकोणमितीय मोजणीसाठी वापरलेला विल्यम कॅरी यांचा थिओडोलाइट तर सुमारे अर्ध्या टनाचा होता. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना तो भिंतीवर आदळला आणि वर्तुळ वाकलं. लॅम्टन यांनी तंबूत बसून आठवडेच्या आठवडे खपून ते पुन्हा आकारात आणलं आणि पुढे वर्षानुवर्षं वापरलं. वाकलेल्या वर्तुळावर एवढा भरवसा कसा ठेवता आला, याचं उत्तर पुढच्या दोन प्रश्नांत आहे.

व्हर्नियर वाचायचा कसा?

व्हर्नियर म्हणजे मुख्य पट्टीच्या घराचेही बारीक भाग वाचता यावेत म्हणून तिच्या कडेने सरकणारी छोटी पट्टी. पियेर व्हर्नियर यांनी १६३१ मध्ये ही युक्ती प्रसिद्ध केली. इथली मिनिटं आणि सेकंद कोनाची: अंशाचा साठावा भाग मिनिट, मिनिटाचा साठावा भाग सेकंद. मुख्य पट्टीवर समजा २० मिनिटांचं एक घर आहे. व्हर्नियरवर मुख्य पट्टीच्या ५९ घरांएवढ्या लांबीचे ६० भाग पाडलेले असतात. म्हणजे व्हर्नियरचं घर मुख्य घरापेक्षा एक साठांशाने लहान. २० मिनिटांचा साठावा भाग २० सेकंद, तेवढं या उपकरणावर वाचता येतं.

वाचायला आधी व्हर्नियरचं शून्य कुठे आहे ते पाहा. ते १४२ अंश ४० मिनिटांच्या जरा पुढे आहे असं समजू. आता भिंगातून व्हर्नियरच्या रेघांवर नजर फिरवा आणि मुख्य पट्टीच्या रेघेशी तंतोतंत जुळणारी रेघ शोधा. ती २२ वी निघाली तर २२ गुणिले २० सेकंद, म्हणजे ७ मिनिटं २० सेकंद. एकूण वाचन १४२ अंश ४७ मिनिटं २० सेकंद. प्रत्यक्षात हा गुणाकार करावा लागत नाही, कारण व्हर्नियरवर मिनिटांचे आकडे छापलेले असतात.

सवय होईपर्यंत एक पथ्य पाळा: जुळणाऱ्या रेघेच्या डाव्या-उजव्या शेजारणीही पाहा. दोघी सारख्याच प्रमाणात, पण विरुद्ध बाजूंना हुकलेल्या दिसल्या तर रेघ बरोबर निवडली आहे. आणि भिंग रेघेच्या थेट वर धरा. तिरप्या नजरेने शेजारची रेघ जुळल्यासारखी वाटते.

एकाच वर्तुळावर समोरासमोर दोन व्हर्नियर का?

कारण वर्तुळाचं केंद्र आणि ज्या अक्षावर ते फिरतं तो अक्ष तंतोतंत एका जागी येणं जवळजवळ अशक्य आहे. केसभर फरक राहिला तरी एका बाजूचा व्हर्नियर कोन जास्त दाखवतो. पण त्याच कारणाने समोरचा तेवढाच कमी दाखवतो. दोन्हींची सरासरी घेतली की चूक उडून जाते.

हाच विचार पुढे नेऊन दुर्बीण उलटवतात. लक्ष्य एकदा पाहिलं की दुर्बीण तिच्या आडव्या अक्षावर पालटायची, वरचा भाग १८० अंश फिरवायचा आणि तेच लक्ष्य पुन्हा पाहायचं. दुर्बिणीची नजर अक्षाला काटकोनात नसेल किंवा आडवा अक्ष किंचित कललेला असेल, तर पहिल्या वेळी झालेली चूक दुसऱ्या वेळी उलट बाजूला होते. सरासरीत दोन्ही मिटतात. दुर्बीण अशी पूर्ण पालटता येणारा थिओडोलाइट म्हणजे ट्रान्झिट.

एक चूक मात्र या रीतीने जात नाही: उभा अक्षच ओळंब्यात नसणं. उपकरण कितीदा पालटलं तरी तो कल त्याच बाजूला राहतो. म्हणून थिओडोलाइट लावताना सगळ्यात जास्त वेळ सपाटी दाखवणाऱ्या नळीतल्या बुडबुड्याला द्यायचा. बुडबुडा मध्ये आणा, उपकरण १८० अंश फिरवा. तो सरकला तर अर्धा फरक पायांच्या स्क्रूंनी काढा. उरलेला अर्धा दोष बुडबुड्याच्या नळीचा आहे.

कोन पुन्हा पुन्हा मोजून अचूकता वाढते का?

वाढते, पण सगळ्या चुका जात नाहीत. पुनरावृत्तीच्या रीतीत पहिल्या मापाचं वाचन तसंच ठेवून त्यावर तोच कोन दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा चढवत जातात. सहा वेळा चढवून शेवटचं वाचन सहाने भागलं की वाचनातली चूकही भागली जाते. फ्रान्सच्या बोर्दा वर्तुळाचा, म्हणजे कोन मोजायच्या एका उपकरणाचा, पाया हाच. देलांब्र आणि मेशँ या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञांनी १७९२ ते १७९८ या काळात डंकर्क ते बार्सिलोना हे अंतर त्याच वर्तुळाने मोजलं, मीटरची लांबी ठरवण्यासाठी.

याच मोहिमेत मेशँ यांना बार्सिलोनाजवळ दोन जागांवरून काढलेल्या अक्षांशांत सुमारे ३ सेकंदांची तफावत आढळली. प्रत्येक जागेची वाचनं आपापसात सुंदर जुळत होती, तरीही. ती तफावत त्यांनी लपवून ठेवली आणि मरेपर्यंत तिच्या ओझ्याखाली राहिले. जी चूक दर वेळी एकाच बाजूला होते ती हजार वेळा मोजूनही जात नाही. आज हे कुठलंही पाठ्यपुस्तक शिकवतं, तेव्हा ते कोणी नीट मांडलेलंच नव्हतं. मेशँ यांच्याबद्दल वाचताना मला नेहमी वाईट वाटतं, कारण त्यांचं काम उत्तम होतं.

दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. भिंग चुकीचं बसलंय का?

नाही. चित्र सरळ करायला जास्तीची भिंगं लागतात आणि प्रत्येक भिंग थोडा प्रकाश खातं. म्हणून जुन्या दुर्बिणी उलटं चित्रच दाखवत. काही लेव्हलिंग पट्ट्यांवर, म्हणजे दूर उभ्या धरून दुर्बिणीतून वाचायच्या पट्ट्यांवर, आकडेच उलटे रंगवलेले असत, म्हणजे दुर्बिणीत ते सरळ दिसावेत.

आतल्या फुलीच्या रेषा बऱ्याच जुन्या उपकरणांत कोळ्याच्या धाग्याच्या आहेत. इतका बारीक, मजबूत आणि ताणून राहणारा दुसरा धागा मिळत नव्हता. दमट हवेत तो सैल पडतो आणि बोट किंवा ब्रश लागला तर तुटतो. पुढे काचेवर रेघा कोरू लागले.

फुलीच्या वर आणि खाली दोन छोट्या रेषा दिसतात, त्या कशाला?

साखळी न ओढता अंतर काढायला. या स्टेडिया रेषा बहुधा अशा अंतरावर असतात की पट्टीवर त्यांच्यामध्ये दिसणाऱ्या लांबीला १०० ने गुणलं की अंतर मिळतं. वरची रेषा १.९२ मीटरवर आणि खालची १.०८ वर असेल तर फरक ०.८४, म्हणजे अंतर ८४ मीटर. जुन्या, बाहेरून फोकस करायच्या दुर्बिणीत यात थोडी ठरावीक भर घालावी लागते. इग्नॅत्सिओ पोर्रो यांनी जास्तीचं एक भिंग घालून ती भर काढून टाकली.

डम्पी लेव्हल आणि वाय लेव्हल यांत फरक काय?

वाय लेव्हलची दुर्बीण दोन इंग्रजी वाय आकाराच्या आधारांवर नुसती ठेवलेली असते. ती उचलून उलटसुलट ठेवून तपासणी करता येते, पण सुटे भाग झिजतात. विल्यम ग्रॅव्हट यांनी १८३२ मध्ये दुर्बीण पक्की जोडलेली, आखूड आणि रुंद भिंगाची लेव्हल बनवली. तीच डम्पी. रेल्वेच्या कामांत रोज धक्के खाऊनही ती टिकली.

दोन्हींचा जीव बुडबुड्यात आहे. काचेची नळी सरळ दिसते, पण आतून ती फार मोठ्या वर्तुळाच्या कमानीसारखी घासलेली असते. २ मिलिमीटरच्या एका घराला २० सेकंद दाखवणाऱ्या नळीच्या कमानीची त्रिज्या सुमारे २०.६ मीटर असते. त्रिज्या जितकी मोठी, तितका बुडबुडा चंचल. आत पाणी नसतं, अल्कोहोल किंवा ईथर असतं, कारण ते सहज सरकतं आणि थंडीत गोठत नाही.

माझी लेव्हल बरोबर आहे का हे घरच्या घरी कसं तपासू?

दोन खुंट्यांची चाचणी करा. साधारण ६० मीटरवर दोन खुंट्या ठोका. लेव्हल बरोबर मध्यावर लावून दोन्हींवरच्या पट्टीची वाचनं घ्या. समजा १.४८० आणि १.२१० आली. दुसरी खुंटी ०.२७० मीटर उंच. लेव्हलची नजर वर किंवा खाली झुकलेली असली तरी हा फरक खरा आहे, कारण दोन्ही अंतरं सारखी असल्याने चूक दोन्हीकडे सारखीच झाली आणि वजाबाकीत गेली.

आता लेव्हल पहिल्या खुंटीच्या अगदी जवळ न्या. तिथे १.५२० आलं तर दुसरीवर १.२५० यायला हवं. १.२६२ आलं तर नजर ६० मीटरला १२ मिलिमीटर वर जाते आहे.

दुरुस्ती येत नसेल तरी उपकरण वाया जात नाही. मागचं आणि पुढचं अंतर कायम सारखं ठेवून काम केलं तर बिघडलेली लेव्हलही बरोबर उत्तर देते. पृथ्वीच्या वक्रतेचा परिणामही त्याच वजाबाकीत जातो. एका किलोमीटरवर तो जवळजवळ ८ सेंटिमीटर असतो.

प्लेन टेबल हे खरंच उपकरण आहे का? ते तर नुसतं तिपाईवरचं फळकुट दिसतं.

आहे, आणि फार हुशार आहे. फळ्यावर कागद, कागदावर अ‍ॅलिडेड नावाची नजरेची पट्टी. आखलेल्या एका रेषेच्या दोन टोकांवर आळीपाळीने उभं राहून झाड, देऊळ, विहीर यांच्याकडे रेघा मारायच्या. दोन्ही जागांवरच्या रेघा जिथे छेदतात तिथे ती वस्तू. कोन मोजावे लागत नाहीत, वही लागत नाही. तिसऱ्या जागेवरून मारलेली रेघ त्याच छेदबिंदूतून गेली नाही तर चूक तिथल्या तिथे दिसते, कचेरीत परतल्यावर नाही. पाऊस आणि ऊन मात्र प्लेन टेबलला सोसत नाहीत. कागद ओला झाला की प्रमाण बिघडतं.

प्लॅनिमीटर नुसता कडेने फिरवून क्षेत्रफळ कसं सांगतो?

याकोब आम्सलर यांनी १८५४ मध्ये बनवलेल्या ध्रुवीय प्लॅनिमीटरला दोन हात असतात. एकाचं टोक कागदावर रोवलेलं, दुसऱ्याचं टोक आकृतीच्या कडेवरून फिरवायचं. फिरत्या हातावर एक बारीक चाक आहे. हात आडवा सरकला तर चाक फिरतं, हाताच्या लांबीच्या दिशेने सरकला तर ते नुसतं घसरतं. पूर्ण फेरी मारून मूळ जागी आलं की जाताना आणि येताना फिरलेल्या चाकाची बेरीज-वजाबाकी होऊन उरतं ते आतल्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असतं. फेरी उलट दिशेनेही मारा. आकडा तेवढाच आला तर हात स्थिर होता.

पितळ काळं पडलंय. चकचकीत करू का?

कृपया करू नका. जुन्या पितळावर लाखेचा पातळ थर असतो, काही भाग मुद्दाम काळसर केलेले असतात. पॉलिशने तो थर निघून जातो आणि परत येत नाही. अंशांच्या रेघा बहुधा चांदीच्या पट्टीवर कोरलेल्या असतात. तिथे पॉलिश लावलं तर रेघाच पुसट होतात आणि उपकरणाचा प्राण जातो. मऊ कोरडा ब्रश आणि स्वच्छ सुती कापड पुरेसं आहे. घट्ट बसलेला स्क्रू जोर लावून फिरवू नका, उभा अक्ष स्वतः उघडू नका. होकायंत्र ठेवताना सुई उचलून धरणारा खटका नेहमी लावा, नाहीतर सुई ज्यावर फिरते ते खालचं अणकुचीदार टोक बोथट होतं. पेटी आणि आतली कागदी चिठ्ठी फेकू नका. बनवणारा आणि काळ ओळखायला तीच उपयोगी पडते.

एक इशारा: दोन्ही महायुद्धांच्या काळातल्या अनेक लष्करी होकायंत्रांत अंधारात चमकणारा रेडियमचा रंग आहे. चमक गेली तरी किरणोत्सार राहतो. अशा होकायंत्राची काच उघडू नका, रंग खरवडू नका.

उपकरण अस्सल आहे की शोभेसाठी बनवलेलं, हे कसं ओळखावं?

व्हर्नियरला विचारा. त्याचं शून्य मुख्य पट्टीच्या एखाद्या रेघेशी जुळवा. त्याची शेवटची रेघही मुख्य पट्टीच्या रेघेशी जुळायला हवी आणि मधली एकही जुळता कामा नये. शोभेच्या वस्तूत व्हर्नियर बहुधा नुसत्या रेघांची नक्षी असते. मग वर्तुळ पूर्ण फिरवून समोरासमोरचे दोन व्हर्नियर सगळीकडे १८० अंशांच्या जवळपास फरक दाखवतात का ते पाहा. बुडबुडा हलका स्पर्श केल्यावर सरकून पुन्हा त्याच जागी येतो का, बारीक हालचालीचा स्क्रू ढिला नाही ना, हेही तपासा. नाव आणि साल कोरणं सोपं आहे, या चाचण्यांत पास होईल असं वर्तुळ विभागणं अवघड.

नव्याने शिकायचं तर सुरुवात कशापासून करू?

प्लेन टेबलपासून. गुळगुळीत फळा, तिपाई, एक सरळ पट्टी आणि दोन टाचण्या एवढ्यावर ते बनवता येतं. मोकळ्या जागेत तीन ठिकाणांवरून एकाच झाडाकडे रेघा मारा. त्या एका बिंदूत मिळाल्या नाहीत तर जो छोटा त्रिकोण तयार होईल, त्याचं कारण शोधा: फळा हलला, दिशा चुकली की पट्टी सरकली. ते नीट जमलं की मग व्हर्नियर थिओडोलाइट हातात घ्या.